भाऊजी पाहुणे की घरचे? कॅलिफोर्नियातल्या एका क्लेमची गोष्ट

आपल्याकडे गाडीचा इन्शुरन्स गाडीला चिकटलेला असतो, घरातल्या कोणीही चालवली आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असलं की झालं. इथे मात्र घरात राहणाऱ्या, गाडी चालवण्याच्या वयाच्या प्रत्येकाचं नाव कंपनीला कळवावं लागतं, आणि आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं.

भाऊजी नाशिकहून बी-टू व्हिसावर, म्हणजे पर्यटक म्हणून आलेले. पाहुण्याला इथे भारतातलं लायसन्स चालतं, त्यामुळे ह्यांना विचारून गाडी घेऊन गेले आणि पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना खांबाला ठोकली. कोणाला काही लागलं नाही पण बंपर आणि डिकी पार गेली. कंपनीने फोनवरच सांगून टाकलं की ते तुमच्याच घरात राहतात, नाव पॉलिसीवर नाही, सबब क्लेम नामंजूर!

आता फोनवरच्या नकाराला काय अर्थ आहे? मी म्हटलं लेखी द्या, कुठल्या कलमाखाली नाकारताय तेही लिहा, कारण इथल्या नियमाप्रमाणे त्यांना ते द्यावंच लागतं. पत्र आलं तेव्हा पॉलिसी काढून बसले, तर त्यात "रहिवासी" म्हणजे ज्याचं कायमचं घर हे आहे तो, असं स्वच्छ लिहिलेलं. मग भाऊजींचं परतीचं तिकीट, आय-नाइन्टीफोरवरची (अमेरिकेत प्रवेशाची सरकारी नोंद) मुक्कामाची तारीख, नाशिकच्या घराचं लाइट बिल, ऑफिसचं रजेचं पत्र, सगळं जोडून पाठवलं की बाबांनो हा माणूस पाहुणा आहे, आमच्या परवानगीने एकदा गाडी नेली, आणि अशा माणसाला तुमच्याच पॉलिसीत कव्हर आहे.

तरी ढिम्म. शेवटी राज्याच्या इन्शुरन्स डिपार्टमेंटकडे ऑनलाइन तक्रार केली, फुकट असते, आणि डिपार्टमेंटने विचारणा केल्यावर कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तेव्हा कुठे फाइल हलली, डिडक्टिबल, म्हणजे आपल्या खिशातून भरायचा वाटा, कापून पैसे आले.

पुढे रिन्यूअलला एक फॉर्म आला, भाऊजींना "एक्सक्लुडेड ड्रायव्हर" करा म्हणे. असल्या फॉर्मवर घाईत सही करू नका हं, त्यानंतर त्या माणसाने तुमच्या परवानगीने गाडी चालवली तरी कव्हर मिळत नाही.

दिवाळीनंतर सासरे येतायत आणि त्यांनाही स्टिअरिंगची हौस आहे. कंपनीला आधीच विचारलंय, फोनवरची बाई म्हणाली चालेल, मी म्हटलं हेच ईमेलवर पाठवा.