वहीतले आकडे

"सर, पोटॅशियम 2.4 आलंय," म्हणत रेसिडेंट धावत आला, तेव्हा मी तिच्या ईसीजीची पट्टीच बघत होतो. टी लहरी चपट्या, मागोमाग यू लहर, क्यूटी लांबलेला. सगळ्या पोटॅशियम घसरल्याच्या खुणा. नाडी 44. वय सव्वीस. जिना चढताना कोसळली म्हणून आणलेली. उलट्या नाहीत, जुलाब नाहीत, कसली गोळी नाही. मग पोटॅशियम गेलं कुठे?

उत्तर तिच्या आईने पर्समधून काढून दिलं. एक छोटी वही. रेखीव अक्षर. काळी कॉफी, 2. सूप, 90. अर्धं सफरचंद, 45. दिवसाच्या एकूण कॅलरी कधी 430, कधी 410. शेजारी लाल शाईत वजन. नऊ आठवड्यांत 66 वरून 52. पहिल्याच आठवड्यात चार किलो उतरले, तिथे तिने हसरा चेहरा काढला होता.

त्या चार किलोंत बरंचसं पाणीच होतं. यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन आधी संपतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी जातं. पुढे चरबी जाते, पण प्रथिनं पुरेशी नसली की स्नायूही झिजतात. हृदयही त्यातून सुटत नाही. 800 कॅलरींच्या आतला आहार मीही काही पेशंटना दिला आहे. पण मोजून प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार आणि वरचेवर रक्ततपासणी, हे सगळं धरून. तिला नऊ आठवडे कुणी काही विचारलंच नव्हतं. भेटेल तो "किती बारीक झालीस!" म्हणून कौतुक करत होता. त्याचा मला आजही राग येतो.

सिस्टर ग्लुकोजची बाटली लावायला निघाल्या होत्या. मी थांबवलं. इतके दिवस उपाशी असलेल्या शरीरात साखर गेली की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं उरलंसुरलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून नेतं. उपासमारीत तगलेला माणूस अन्न मिळाल्यावर दगावतो, तो असा. आधी बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मॉनिटर लावून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, मग रोज वजनाच्या किलोमागे दहा कॅलरी.

आईने हिशेब केला. "पाचशे वीस? म्हणजे तुम्हीही तिला उपाशीच ठेवणार, डॉक्टर?"

त्या माउलीला काय सांगावं, पटकन सुचेना. शेजारी बसलो, सावकाश समजावलं. तिने लेकीसाठी आणलेला डबा पिशवीत परत ठेवला, पण तिची नजर काही निवळली नाही.

एवढं जपूनही तिसऱ्या दिवशी फॉस्फरस 1.3 पर्यंत घसरलं. ते शिरेतून द्यावं लागलं, कॅलरी वाढवणं दोन दिवस लांबवलं. त्या रात्री मी घरी गेलो नाही.

आठव्या दिवशी ईसीजी नॉर्मल, नाडी 62. वॉर्डात रोज वजन घेतलं जातं, शरीरात पाणी साठतंय का ते बघायला. त्या सकाळी काटा 53.4 वर थांबला आणि ती काट्यावरच उभी राहून रडायला लागली.

"सगळं वाया गेलं, सर."

मी तिला हात देऊन खाली उतरवलं. ग्लायकोजेन परत भरतंय, त्याच्याबरोबर पाणीही परत येतंय, हे कागदावर आकृती काढून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग वही मागितली. आईने माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली, तशी तिने ती पर्समध्ये आणखी आत सरकवली.