पाच विज्ञान विभागांसाठी एकच इमारत : आराखडा ठरवतानाचा माझा अनुभव

कोल्हापुरातील आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विभाग अनेक वर्षे आवारभर विखुरलेले होते. संस्थेने या सर्वांसाठी एकच इमारत बांधण्याचे ठरवले आणि इमारत समितीचे समन्वयकपद माझ्याकडे आले. मी भौतिकशास्त्र शिकवतो. बांधकामाशी माझा संबंध स्वतःचे घर बांधण्यापुरताच आला होता.

सुरुवातीला प्रत्येक विभागाकडून लागणाऱ्या खोल्यांची यादी मागवली. अपेक्षेप्रमाणे सगळ्या याद्यांची बेरीज मंजूर क्षेत्रफळाच्या कितीतरी पुढे गेली. वास्तुविशारद मॅडमनी त्या याद्या शांतपणे बाजूला ठेवल्या आणि वेळापत्रक मागितले. बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस एकाच तक्त्यावर मांडल्यावर असे दिसले की, जवळजवळ प्रत्येक विभागाची एखादी तरी प्रयोगशाळा आठवड्यातील निम्मा वेळ कुलूपबंद असते. खोल्यांची संख्या कमी करण्याचा निर्णय त्या तक्त्यानेच घेतला. समितीत त्यावर मतदान घ्यावे लागले नाही.

खरा प्रश्न कोणता विभाग कोणत्या मजल्यावर, हा होता. ज्येष्ठतेनुसार मजले वाटावेत, अशी एक सूचना गंभीरपणे पुढे आली होती. प्रत्यक्षात मजले ठरवले ते हवेने आणि कंपनांनी. आमच्याकडे मायकेलसन व्यतिकरणमापीवर, म्हणजे प्रकाशकिरणांच्या मिलाफातून उजळ-गडद पट्ट्या दाखवणाऱ्या आरशांच्या उपकरणावर, सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी काढतात. त्यात आरसा अवघा २९५ नॅनोमीटर सरकला तरी एक पट्टी पुढे जाते. वरच्या मजल्यावर शेजारच्या वर्गातील बाके ओढली जात असताना तो प्रयोग होऊ शकत नाही. म्हणून भौतिकशास्त्र तळमजल्यावर गेले, तेही थेट जमिनीवर टेकलेल्या फरशीवर.

रसायनशास्त्र सर्वांत वर जाण्याचे कारण फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा ओढून बाहेर टाकणारे काचेच्या दाराचे कपाट. १.२ मीटर रुंद हूडची काच ४५ सेंटीमीटर उघडली आणि तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटर ठेवला, तर तासाला सुमारे ९७० घनमीटर हवा बाहेर फेकली जाते. ९ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३.६ मीटर उंच खोलीत जेमतेम २६० घनमीटर हवा असते. म्हणजे एकटा हूड तासाभरात खोलीतील हवा जवळजवळ चार वेळा बदलतो. असे तीन हूड लावायचे, तर तितकीच हवा खोलीत आत येण्याची सोयही करावी लागते. नाहीतर हूड बोळातली, आणि प्रसंगी शेजारच्या स्वच्छतागृहातली, हवा ओढू लागतो. शिवाय रसायनशास्त्र खालच्या मजल्यावर ठेवले असते, तर प्रत्येक हूडचे धुराडे वरच्या सर्व मजल्यांतून न्यावे लागले असते. आमच्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून धुराडी इमारतीच्या पूर्व टोकाला आणि छतापासून निदान ३ मीटर उंच घेतली. ताजी हवा घेणाऱ्या झडपा पश्चिमेला ठेवल्या.

हा निर्णय झाल्यावर सर्वांत नेमका आक्षेप आला तो आमच्या प्रयोगशाळा परिचरांकडून. “सर, ॲसिडचे कॅन जिन्यानं वर मीच न्यायचे काय?” या एका प्रश्नावर पुढची दीड बैठक गेली. मालवाहू लिफ्ट आवश्यक ठरली; पण लिफ्टच्या मोटारीची कंपने तळमजल्यावरच्या प्रकाशशास्त्राच्या खोलीला नकोत, म्हणून लिफ्ट इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, इमारतीचे दोन भाग वेगळे ठेवणाऱ्या सांध्याच्या पलीकडे नेली. रसायनांचे मुख्य भांडार इमारतीपासून अलग, तळपातळीवर आणि आम्ले व ज्वलनशील द्रावके वेगवेगळ्या कप्प्यांत राहतील असे आखले. वर फक्त त्या आठवड्यापुरता साठा. गॅसची टाकीघरे बाहेर गेली. धक्क्याने बाटल्या खाली पडू नयेत म्हणून मांडण्यांच्या कडेला पाच सेंटीमीटरची पट्टी लावण्याचा आग्रह आमच्या एका निवृत्त सरांचा होता; ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप त्यांनी अनुभवलेला आहे.

मधल्या मजल्यावरील तीन जीवशास्त्रीय विभागांचे फारसे भांडण झाले नाही. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारे यंत्र) आणि जीव वाढवण्याची पोषक माध्यमे तयार करण्याची खोली सूक्ष्मजीवशास्त्राने वनस्पतीशास्त्राच्या ऊतिसंवर्धनासह वापरावी, हे सहज मान्य झाले. वाद पेटला तो सामाईक उपकरण कक्षावरून. द्रावण किती प्रकाश शोषते हे मोजणारा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर सर्वांना हवा होता, परंतु तो कोणाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (कायमस्वरूपी वस्तूंच्या नोंदवहीत) राहणार आणि वर्षअखेरच्या पडताळणीत त्याची सही कोण करणार, हे कोणालाच सांगता येईना. खोली मोठी करून किंवा भिंत हलवून हा प्रश्न सुटणारा नव्हता. शेवटी प्राचार्यांनी उपकरण कक्षासाठी स्वतंत्र रजिस्टर आणि स्वतंत्र सहायक मंजूर केला. माझ्या मते एकत्रित इमारत त्या दिवशी खऱ्या अर्थाने एकत्रित झाली.

विश्वस्तांना दर्शनी भाग न्यू पॅलेससारखा काळ्या दगडाचा आणि घुमटाचा हवा होता. वास्तुविशारद मेजर मँट यांच्या त्या वास्तूचा मोह कोल्हापूरकराला होणारच. घुमट वगळला गेला, पण धुराड्यांभोवती दगडी मनोरे बांधण्याची तडजोड मॅडमनी सुचवली, आणि ती मला आजही त्या आराखड्यातील सर्वांत हुशार रेघ वाटते. खिडक्या उत्तर-दक्षिण घेतल्या. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. उत्तरेला छज्जे कशाला, असे विचारणाऱ्या हिशेबनीस साहेबांना मी हे फळ्यावर काढून दाखवले.

पाण्याचा विचार २०१९ च्या महापुराने करायला लावला. आमचे आवार पूररेषेपासून दूर आहे, परंतु पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून फार वर मजल मारली, पाणीउपसा केंद्रे बुडाली आणि शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हा उंचावर असण्याचा उपयोग मर्यादितच होता. येथे वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, या साध्या हिशेबाने १,००० चौरस मीटर छतावरून गळती व बाष्पीभवन वजा जाता आठ लाख लिटर पाणी मिळू शकते. तेवढे साठवणे परवडणारे नव्हते. टाकी त्याच्या काही अंशाचीच आहे. ती ऊर्ध्वपातन संयंत्राच्या थंडाव्यासाठी आणि हरितगृहासाठी वापरायची असून, थंडाव्याचे पाणी गटारात न सोडता पुन्हा फिरवायचे आहे. तळघराची सूचना मात्र मातीच्या अहवालाने निकालात काढली. वरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागला आणि त्यातच बराच निधी गेला.

सांडपाण्याची नळी हा शेवटचा मुद्दा होता. शहरातले नाले अखेर पंचगंगेलाच मिळतात, म्हणून रसायन प्रयोगशाळांची नळी वेगळी काढून आम्ल मारणाऱ्या चुनखडीच्या खड्यांच्या कुंडातून नेली आहे. जड धातूंचे क्षार या कुंडात थांबत नाहीत. ते बाटलीतच गोळा करावे लागतात. त्यासाठी गुणात्मक विश्लेषणाचे (क्षारात कोणते घटक आहेत हे ओळखण्याचे) प्रयोग सूक्ष्मप्रमाणावर, म्हणजे अगदी थोड्या रसायनांत, नेण्याचे रसायनशास्त्र विभागाने मान्य केले आहे, आणि त्या प्रयोगांची नवी पुस्तिका सध्या लिहिली जात आहे. प्राणीशास्त्राच्या संग्रहालयातील फॉर्मॅलिनच्या बरण्या हलवण्याचे काम दिवाळीच्या सुट्टीत करायचे ठरले आहे.