स्वीकृत सदस्याची फाईल

मी नगरपरिषदेत सभा लिपिक आहे. अजेंडा काढायचा, सभेत कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायची, मग इतिवृत्त लिहायचं, हे माझं काम. गाव कोकण किनाऱ्यावरचं. नाव लिहीत नाही, नोकरी करायची आहे.

चारेक वर्षं प्रशासक होते. 2 डिसेंबर 2025 ला मतदान झालं, 21 ला मतमोजणी, आणि ओस पडलेलं सभागृह पुन्हा गजबजलं. त्यानंतर येतो स्वीकृत सदस्यांचा, म्हणजे निवडून न येता सभागृहात घेतलेल्या सदस्यांचा विषय. आमच्याकडे निवडून आलेले 20, म्हणून स्वीकृत 2. पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे जागा वाटल्या जातात, गटनेता नाव देतो, कागद तपासले जातात आणि नाव जाहीर होतं. नगरपालिकेच्या कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेला माणूस सभागृहात असावा, हा मूळ हेतू. राज्यघटनेच्या 243-आर कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणून डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशी माणसं अपेक्षित असतात. नोंदणीकृत सामाजिक संस्थेचा पदाधिकारीही चालतो, आणि बहुतेकांची होडी त्याच खाडीतून आत शिरते.

आमचे एक स्वीकृत सदस्य म्हणजे याच निवडणुकीत पडलेले उमेदवार. पडलेल्याला घेऊ नये असं कायद्यात कुठेही नाही. पण गावात कुजबुज सुरू झाली आणि माहिती अधिकारात त्यांच्या नस्तीच्या, म्हणजे फाईलच्या, निरीक्षणाचा अर्ज आला. ठरल्या दिवशी तिघं हजर. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एक डॉक्टर आणि मासळी बाजारात बसणारी एक मावशी. मावशी टोपली शेजारणीकडे सोपवून आली होती.

रेकॉर्ड रूममध्ये टेबल मोकळं करून दिलं. निरीक्षणाचा पहिला तास फुकट असतो हे काकांना पाठ होतं, त्यांनी घड्याळ काढून टेबलावरच ठेवलं. नस्ती जाडजूड नव्हती. गटनेत्याचं पत्र, उमेदवाराची संमती, संस्थेचं नोंदणीपत्र, अनुभवाचा दाखला. डॉक्टर एकेक कागद मोठ्याने वाचत होते. स्वीकृत सदस्याला मतदानाचा हक्क नसतो, असं मी मध्येच सांगितलं. मावशीने मान वर केली.

"मत देवचा नाय, मगे थंय बसान करतलो काय?"

प्रश्न बरोबर होता. तो चर्चेत बोलतो, अजेंडा त्याच्या हातात पडतो, कुठलं काम कधी निघणार हे त्याला आधी कळतं, असं मी म्हटलं. काका हसले. त्यांना तेवढंच ऐकायचं होतं.

मग अनुभवाचा दाखला आला. संस्थेचं लेटरहेड, खाली गोल शिक्का, 'अनेक वर्षे सामाजिक कार्यात सक्रिय' हे एकच वाक्य. कोणतं कार्य, कुठे, कधी, काही नाही. तारीख तेवढी पेनाने घातलेली. मावशीला वाचता येत होतं, पण सावकाश. तिचं बोट मजकुरावरून घसरत लेटरहेडवरच्या मोबाईल नंबरवर येऊन थांबलं. तिने कमरेच्या पिशवीतून फोन काढला, खवल्यांनी चिकटलेला स्क्रीन पदराला पुसला आणि कागदाशेजारी धरला. नंबर तोच. तिने तो 'गटार' नावाने सेव्ह केला होता. बाजारासमोरच्या गटारावरची लादी खचली तेव्हा कामाच्या फलकावरून तिनेच उतरवून घेतला होता.

"ह्येका फोन केलो तर गटारवालो उचलता," ती म्हणाली.

गटाराचा ठेकेदार स्वीकृत सदस्याचा सख्खा भाऊ. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण सामाजिक संस्था आणि ठेकेदारी एकाच फोनवर चालते, हे कागदावर कोणी पाहिलं नव्हतं. मीही ती नस्ती लावताना नंबर बघितला नव्हता, तो बघणं माझ्या कामात येतही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, हे अपात्रतेत बसतं का? सदस्याचा स्वतःचा किंवा त्याच्या भागीदाराचा नगरपरिषदेच्या ठेक्यात हिस्सा असेल तर बसतं. नुसता भाऊ असला म्हणून नाही. घरं वेगळी, पॅनकार्डं वेगळी, की कायद्याच्या लेखी विषय संपला. प्रभागरचनेवर हरकती मागवतात, मतदार यादीवर मागवतात. स्वीकृतचं नाव मात्र जाहीर होतं तेच निवड झाल्यावर. आठ दिवस आधी ते नाव नोटीस बोर्डावर लावलं असतं तर ही मावशी तेव्हाच आली असती, असं माझं मत आहे. मी लिपिक, माझं मत कोण विचारतो!

पानाला दोन रुपयेप्रमाणे नकलांचे पैसे मावशीनेच भरले. नोटा ओल्या होत्या, रोखपालाने नाक मुरडलं पण पावती फाडली. संस्थेने नेमकं कोणतं काम केलं याची चौकशी करावी, असं निवेदन तिघांनी मुख्याधिकाऱ्यांना दिलं आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवली. आवकचा शिक्का मीच मारला. उत्तर अजून आलेलं नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत गटाराच्या वाढीव खर्चाचा विषय होता. प्रेक्षकांच्या बाकावर तिघंही बसलेले. स्वीकृत सदस्य उठले, काम किती उत्तम झालंय यावर भरभरून बोलले. विषय मंजूर झाला. संध्याकाळी गटनेत्यांचा फोन आला, "त्यांचं बोलणं इतिवृत्तात घेऊ नका हो, मतदान थोडंच केलंय त्यांनी."

मी घेतलं. 'चर्चेत स्वीकृत सदस्य यांनी भाग घेऊन कामाच्या बाजूने मत मांडले.' एवढंच, विशेषणं न लावता. इतिवृत्त कायम करणं हा पुढच्या अजेंड्यावरचा पहिलाच विषय आहे. दुरुस्ती हवी असेल तर तिथे उभं राहून सुचवा, असं गटनेत्यांना सांगितलंय. त्यांनी बरं म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.