आमची वाटचाल: अकरा ऑफिसं आणि एक जनरेटर

2003 साली कुर्ल्यात कमानीजवळ अर्धा गाळा भाड्याने घेऊन आम्ही सुरुवात केली. मी कुर्ला आयटीआयचा डिझेल मेकॅनिक, मेहुणा वायरमन, हिशोब बायकोकडे. सोसायट्यांचे पंप, हॉलचे जनरेटर, गणपतीत भाड्याचे सेट, यात पहिली सात-आठ वर्षं गेली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पैसे थोडे होते, पण काम झालं की हातात पडायचे.

मग उपनगरातल्या एका शासकीय इमारतीचं वार्षिक देखभालीचं काम मिळालं. पाच मजले, अकरा कार्यालयं, खाती वेगवेगळी. जनरेटर एक, पंप दोन आणि लिफ्टचं वायरिंग. आम्ही पेढे वाटले. करारावर सही एकाच कार्यालयाची होती, पण आत एक कलम होतं: खर्च सर्व कार्यालयांनी क्षेत्रफळाच्या प्रमाणात विभागून द्यावा. ते मी सहीच्या आधी वाचलं होतं. कळायला मात्र वर्ष लागलं.

म्हणजे दर तिमाहीला एक नाही, अकरा बिलं. अकरा आवक शिक्के, अकरा भाऊसाहेब. मुंबईत सरकारी देयक पास होतं अधिदान व लेखा कार्यालयातून, आणि तिथवर पोचायला त्या-त्या कार्यालयाच्या नावावर ‘बीम्स’मध्ये, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन बजेट वाटप प्रणालीत, अनुदान आलेलं असावं लागतं. कोणी आम्हाला ‘कार्यालयीन खर्च’ या बजेटच्या शीर्षात बसवायचं, कोणी ‘कंत्राटी सेवा’त. एका शीर्षात पैसे असले तर दुसऱ्यात खडखडाट. साहेबांची सही झाली तरी उत्तर ठरलेलं: "ग्रँट आली की काढतो." मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मात्र त्यांचाच फोन, "अहो, बिल कुठंय? आजच आणा, 31 नंतर पैसे लॅप्स होतील."

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज, असं 2006 चा कायदा सांगतो. आमची नोंदणीही आहे. पण ज्या भाऊसाहेबांकडे पुढच्या तिमाहीला पुन्हा जायचंय, त्यांच्याकडे व्याज कोण मागणार? टीडीएसची वेगळीच तऱ्हा. प्रत्येक कार्यालयाचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, निराळा. पैसे कापून घेतलेले, पण एखाद्याचं रिटर्न भरायचं राहिलेलं, की आमच्या 26एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आमच्या कराच्या उताऱ्यात, ती रक्कम दिसायची नाही. बायको जूनपासून त्याच्याच मागे असायची.

आणि भांडणं! तळमजल्यावरचे म्हणायचे, लिफ्ट आम्ही वापरतच नाही. पाचव्या मजल्यावरचे म्हणायचे, पाणी आमच्यापर्यंत चढतंय कुठे? सगळ्यात मोठी जागा होती ती नुसत्या जुन्या फायलींच्या रॅकची, चार ट्यूब आणि दोन पंखे. शेजारच्या लहान खोलीत सर्व्हर आणि रात्रंदिवस चालणारे दोन एसी. क्षेत्रफळावर वाटणी करायची तर त्या एसींचं बिल फायलींच्या माथी. बारभाईंची खेती म्हणतात ती हीच.

शेवटी एका मंगळवारी, भर कामाच्या वेळी, मी आणि मेहुणा टाँग टेस्टर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) घेऊन पॅनल रूममध्ये बसलो. प्रत्येक फीडरचे, म्हणजे एकेका कार्यालयाकडे जाणाऱ्या लाईनचे, अँपिअर वहीत लिहिले. त्या लहान खोलीचा लोड एकटाच जवळपास चौथा हिस्सा निघाला. तक्ता करून अधीक्षक मॅडमना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे हे. पण हे तुम्ही मोजायचं नव्हतं."

डिझेलचा विषय तर कायम मागेच. मुंबईत लाईट जाते कुठे, असं सगळ्यांचं म्हणणं. मग 12 ऑक्टोबर 2020 उजाडला. सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळलं, लोकलसुद्धा जागच्या जागी उभ्या. आमच्या माणसाने सेट चालू केला तेव्हा टाकीत तळाला डिझेल होतं. ओळखीच्या पंपावरून कॅन भरून आणले, पैसे आमच्या खिशातले. ते बिल अकरा ठिकाणी दिलं. सहा जणांनी चुकतं केलं, तिघांनी फाईलला लावलं. दोघांनी चक्क लेखी कळवलं की करोनामुळे त्या दिवशी आमची उपस्थिती कमी होती, सबब हिस्सा कमी करावा.

त्यानंतरच्या बैठकीत मार्ग निघाला, तोही माझ्या डोक्यातून नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात ही पद्धत जुनी आहे: दुसऱ्या खात्याचं काम करायचं तर आधी ठेव भरून घ्यायची, मग हात लावायचा. डिपॉझिट वर्क म्हणतात. तसंच ठरलं. प्रत्येक कार्यालय आपला हिस्सा आधी बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेकडे जमा करणार, आमचा करार त्यांच्याशी, बिल एक, टॅन एक. जनरेटरचा खर्च सबमीटरवर, पंपाचा क्षेत्रफळावर, लिफ्टचा तळमजला सोडून. आमचा दर थोडा खाली आला, त्यांच्या निविदा प्रक्रियेतून जावं लागलं, पण पहिल्याच वर्षी मार्चमध्ये मी कुणाच्या टेबलासमोर उभा नव्हतो. तेव्हापासून कुठल्याही सरकारी इमारतीचं कोटेशन देण्याआधी मी एकच विचारतो: बिल नक्की कोणाच्या नावाने काढायचं? तीन ठिकाणी यावर उत्तर मिळालं नाही, ती कामं सोडली. बायको म्हणते, एक तरी घ्यायला हवं होतं. असेलही.

गेल्या वर्षी सर्व्हरवाल्यांनी हिस्सा भरला नाही. दोन स्मरणपत्रांनंतर विद्युत शाखेचा लेखी आदेश आला की त्यांचा फीडर जनरेटरवरून काढावा, नेहमीचा पुरवठा चालू ठेवून. मेहुण्याने आधी आदेशाची झेरॉक्स पॅनलच्या दाराला चिकटवली, मगच त्या लाईनचा एमसीबी (स्विच) खाली केला. चौथ्या दिवशी पैसे जमा. एमसीबी वर केला, झेरॉक्स तेवढी अजून काढलेली नाही.