पाकिटातल्या कोळंबीचे खरे वजन

नेरूळ आणि सीवूड्सच्या दुकानांत मटार आणि आइस्क्रीम ठेवण्याच्या फ्रीझरमध्ये आता सोललेली कोळंबी, सुरमईचे काप, बासाचे फिले आणि पिठात घोळवलेले फिश फिंगर दिसतात, आणि महिन्याच्या सामानाबरोबर लोक ती पाकिटे सहज उचलतात. या बदलाकडे नाक मुरडून पाहणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. घरातली दोघेही नोकरीला जाणारी, परतायला रात्र होणारी, आणि घाटावरून किंवा विदर्भातून इथे येऊन स्थायिक झाल्यामुळे मासा साफ करण्याची सवयच नसलेली कितीतरी कुटुंबे नवी मुंबईत राहतात. खवले काढून, कापून, धुऊन मिळणारा मासा त्यांना हवासा वाटला तर त्यात वावगे काही नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तर जुन्या मासेखाऊ घरांनाही ही पाकिटे उपयोगी पडतात.

मासा टिकवून खाणे आपल्याकडे मुळीच नवे नाही. पावसाळ्याआधी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना सुकट, सोडे, सुके बोंबील आणि खारवलेले मासे डब्यांत भरून ठेवण्याची रीत आगरी-कोळी घरांत आजही आहे. ओल्या बोंबलाच्या अंगात सुमारे ९० टक्के पाणी असते, म्हणून तो चटकन बिघडतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंवर वाळत घालण्याची पद्धत या अडचणीतूनच आली. कोळंबी सोलून वाळवलेले सोडे हाही पूर्ण प्रक्रिया केलेला पदार्थच आहे.

फरक पडला आहे तो पारखण्यात. बेलापूरजवळच्या दिवाळे या कोळी गावाच्या मासळी बाजारात गिऱ्हाईक कल्ला उचलून लाली पाहते, बोटाने मांस दाबून पाहते, आणि शंका आली तर मावशींना तोंडावर विचारते. बंद पाकिटात यांपैकी काहीच करता येत नाही. तिथे लेबल जे सांगेल त्यावरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून लेबल खरे आणि पुरे असलेच पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

सर्वात जास्त घोळ वजनात होतो. गोठवलेल्या कोळंबीवर पाण्याचा पातळ थर चढवून त्याचा बर्फ करतात. याला ग्लेझिंग म्हणतात आणि त्यामागचा हेतू चांगला आहे: या थरामुळे फ्रीझरच्या कोरड्या थंडीत मांस सुकत नाही आणि हवेशी संपर्क तुटल्याने खवट वासही येत नाही. मात्र हा थर किती जाड ठेवायचा हे कारखान्याच्या हातात असते, आणि गिऱ्हाइकाने कोळंबीच्या भावाने पाणी विकत घेऊ नये म्हणून कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाने निव्वळ वजन ग्लेझ वगळून लिहावे असे म्हटले आहे. मध्यंतरी मी एक पाकीट चाळणीत रिकामे केले, बर्फ वितळेपर्यंत थंड पाण्याखाली धरले, निथळू दिले आणि मग काट्यावर ठेवले. छापील वजनाच्या मानाने कोळंबी इतकी कमी भरली की दोन माणसांचे कालवण म्हणून आणलेले पाकीट जेमतेम एकाला पुरले असते. त्याच पाकिटावर ३१/४० असा आकडाही होता. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३१ ते ४० नग बसतात, असा त्याचा अर्थ. पण हा अर्थ पाकिटावर कुठेही दिलेला नव्हता. निर्यातीच्या व्यापारातली ही खूण आपल्या स्वयंपाकघरापर्यंत जशीच्या तशी आली, तिचा खुलासा मात्र आला नाही.

वजनापेक्षा गंभीर प्रश्न थंडीचा आहे. बांगडा, सुरमई, कुपा यांसारखा मासा पुरेसा थंड राहिला नाही तर त्यात हिस्टामिन तयार होते, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन तळून वा उकळून नाहीसे होत नाही. म्हणूनच माल उतरल्यापासून घराच्या दारापर्यंत तो कुठेही कोमट होता कामा नये. गोठवलेल्या मालासाठी उणे १८ अंश सेल्सिअस हे ठरलेले तापमान आहे. पाकिटाच्या आत बर्फाचे मोठे खडे साचले असतील आणि तुकडे एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल, तर माल मध्ये कुठेतरी वितळून पुन्हा गोठल्याची शक्यता असते. असे पाकीट मी परत ठेवते आणि दुकानदाराला तसे सांगतेही.

हे सगळे नीट करणे आपल्याकडे जमत नाही असे नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीतले कारखाने वर्षानुवर्षे परदेशी ग्राहकांच्या कडक तपासणीला उतरणारा माल पाठवत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा सर्वात मोठा फटका बसणाऱ्यांत कोळंबीचे निर्यातदार होते, आणि देशातली बाजारपेठ वाढवण्याची भाषा जोराने सुरू झाली. ती जरूर वाढावी. पण जातीचे नाव, पकडल्याचे किंवा वाढवल्याचे ठिकाण, गोठवल्याची तारीख आणि बर्फाशिवायचे वजन ही माहिती परदेशातल्या गिऱ्हाइकाला मिळत असेल, तर ती घणसोलीच्या गिऱ्हाइकालाही मिळायला हवी. 'क्रॅब स्टिक' या नावाने विकली जाणारी कांडी बहुधा राणी माशासारख्या माशांचे मांस धुऊन केलेल्या सुरिमीची असते. ती खायला काहीच हरकत नाही, मात्र तसे ठळक मराठीत छापलेले असावे.

या वाढत्या बाजारात कोळी बायकांची जागा कोणती, याचा विचार फारसा होताना दिसत नाही. मासा ओळखणे, कापणे, खारवणे, वाळवणे हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. नाही ते शीतगृह, पॅकिंगचे यंत्र आणि परवान्याच्या कागदपत्रांसाठी लागणारी मदत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिला लाभार्थींना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. दिवाळे, सारसोळे, करावे इथल्या बचतगटांनी साफ केलेली मांदेली, सोललेली कोळंबी आणि धुळीपासून दूर, उंच मांडवावर वाळवलेले बोंबील तारीख छापलेल्या पाकिटात विकायला ठेवले, तर मी ते मॉलमधल्या पाकिटाच्या आधी घेईन, आणि चार पैसे जास्त देऊन घेईन.