ठेवली तेव्हा चालत होती

मिशिगनमधे शहर सोडून जरा आत रहायला गेलं आणि घरात लाकडाची शेगडी असली की सरपणाचा नाद लागतोच, आणि सरपण आलं की पाठोपाठ चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, आली. त्यात आमच्याकडे मेलेल्या अ‍ॅश झाडांना तोटा नाही. २००२ साली डेट्रॉइटच्या आसपास एक चकचकीत हिरवा किडा सापडला, आशियातून आलेला, त्याने पुढे कोट्यवधी अ‍ॅश झाडं उभ्या उभ्या वाळवली. अशी झाडं ठिसूळ असतात, धक्का बसला की वरची फांदी डोक्यात, म्हणून उभं झाड मी माहितगार माणूस बोलावूनच पाडून घेतो. आडवं झालं की मग माझं राज्य.

नवीन चेनसॉ दुकानात मिळतात की, पण माझ्या बजेटमधे जी बसते ती प्लास्टिकची, आणि तेवढ्याच पैशात स्टील (Stihl) किंवा हुस्कवार्ना कंपनीची जुनी, जंगलात काम करणाऱ्यांसाठी बनवलेली मॅग्नेशियम बॉडीची मशीन मिळत असेल तर मी डोळे झाकून, म्हणजे खरं तर डोळे चांगले उघडे ठेवून, जुनीच घेईन. कारण विकणारा प्रत्येकजण एकच वाक्य बोलतो, "ठेवली तेव्हा चालत होती." कधी ठेवली होती विचारलं की विकणारे आजोबा गराजच्या छताकडे बघायला लागतात.

रंगावर अजिबात जाऊ नका. ओरखडे पडलेली, तेलकट, भुसा चिकटलेली मशीन म्हणजे कुणीतरी वापरलेली, सांभाळलेली मशीन, आणि घासूनपुसून टेबलावर मांडलेली दिसली की मला उलट शंकाच येते. आधी सुरू करायच्या दोरीची मूठ धरायची आणि मशीन खाली लोंबकळत सोडायची. दोरी सरसर सुटून मशीन खाली गेली तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाची हवा दाबायची ताकद, गेलंय, अडकत अडकत उतरली तर पुढे बोलायचं. मग सायलेन्सरचे स्क्रू काढून टॉर्च मारून आत पिस्टन बघायचा, यासाठी परवानगी मागितली की आजोबा नाराज होतात पण बघायचाच. पिस्टन गुळगुळीत असेल तर बाकी सगळं दुरुस्त होतं, पेट्रोलचा पाइप, फिल्टर, कार्ब्युरेटरचे पडदे, हे सगळं स्वस्तात येतं आणि तसंही इथल्या पेट्रोलमधल्या १० टक्के इथेनॉलने जुनं रबर खाल्लेलंच असतं. पण पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर समजायचं की कुणीतरी ऑइल न मिसळता नुसत्या पेट्रोलवर चालवलीय, नमस्कार करायचा आणि निघायचं.

हे टू स्ट्रोकचं ऑइल मिसळणं आपल्या पिढीला शिकवावं लागत नाही, बाबांच्या स्कूटरच्या मागे बसून पंपावर तेच तर बघितलंय. चोक ओढायचा, दोरी ओढायची, एकदा फट् करून खोकली की चोक मागे, परत दोरी, आणि मग तो निळसर धूर.

एका बाबतीत मात्र माझं जुन्याचं प्रेम संपतं. १९७० च्या आधीच्या मशिनींना चेन ब्रेक नसायचा, म्हणजे बारचं, ज्या लांब पट्टीवर चेन फिरते तिचं, टोक कुठे अडकून मशीन उसळून तोंडाकडे आली तर चेन थांबवणारं काहीच नाही. मॅक्युलॉक कंपनीच्या त्या जुन्या पिवळ्या मशिनी कपाटावर ठेवायला झकास दिसतात, कापायला नको. बायको म्हणते कपाटावर पण नको, तो वेगळा विषय.

खरी मजा धारेत आहे. १९४६ साली ऑरेगनमधे जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका ओंडक्यात अळी बघितली, ती लाकूड एकदा डावीकडून एकदा उजवीकडून कुरतडत पुढे चालली होती, त्यावरून त्याने चेनचा दात बनवला आणि आजही चेनचे दात तसेच, एक डावा एक उजवा. गोल कानस घ्यायची, एका बाजूचे सगळे दात घासायचे, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे, कानस फक्त पुढे ढकलायची, मागे येताना उचलायची. धार लागलीय की नाही हे बोट लावून बघायची गरज नाही. ओंडक्यातून ढलप्या उडाल्या तर लागली, नुसतं पीठ पडायला लागलं तर थांबून परत कानस. बोथट चेन जोर लावून दाबत बसणारे लोक बघितले की मला राहवत नाही, पण इथे कुणी न विचारता सल्ला दिलेला चालत नाही म्हणून गप्प बसतो.

ओक वाळायला दोन-दोन वर्षं लागतात, म्हणजे आज फोडलेलं लाकूड परवाच्या हिवाळ्याचं. कोकणात आजी पावसाळ्याआधी पडवी सरपणाने भरून ठेवायची तीच ही बेगमी, फक्त पावसाच्या जागी बर्फ. गॅसचं बिल किती वाचलं या हिशोबात मी पडत नाही.

आणि हो, काल जॉन्सरेड कंपनीची एक लाल चेनसॉ दिसलीय, तासाभराच्या अंतरावर. जाहिरातीत लिहिलंय की सुरू होते पण कापत नाही, म्हणून किंमत कमी. फोटो मोठा करून बघितला तर चेनच उलटी बसवलीय, वरच्या बाजूचे दात टोकाकडे असायच्या ऐवजी मशीनकडे तोंड करून. उद्या सकाळी लवकर निघतोय, कुणी त्याला सांगायच्या आत.