शुक्रवारीच उरकायचा शनिवार

हिब्रूत वारांना नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. रविवार म्हणजे योम रिशोन, पहिला दिवस, सोमवार दुसरा, असं करत शुक्रवार सहावा. नाव मिळालंय ते एकट्या सातव्याला: शब्बात, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. दिवस मावळतीला बदलतो, त्यामुळे शब्बात लागतो शुक्रवारी संध्याकाळी. यरुशलेममध्ये सूर्यास्ताच्या 40 मिनिटं आधी भोंगा होतो, तीच मेणबत्त्या लावायची वेळ. हैफात 30 मिनिटं आधी लावतात, इतर बऱ्याच गावांत 18 ते 20. शनिवारी रात्री तीन तारे दिसले की सुटका. म्हणजे हिशेब 25 तासांचा.

‘शब्बातला वीज वापरत नाहीत’ हे आपल्याकडे ऐकू येणारं वाक्य अर्धवट आहे. वीज चालूच असते, फक्त बटण दाबायचं नसतं. मूळ नियम मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन नियमसंग्रहातले, शब्बातला मना असलेल्या 39 कामांच्या यादीतले. पेरणं, नांगरणं, कापणं, मळणी, उफणणी, निवडणं, दळणं, चाळणं, कणीक भिजवणं, भाजणं... यादी शेतातून थेट चुलीपर्यंत येते. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना गावकरी शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. बाहेरून दिसतो तो हा बंद घाणा. त्यासाठी शुक्रवारी झालेली धावपळ दिसत नाही.

‘निवडणं’ हे काम बघा. तांदळातले खडे काढणं सरळ मना. ताटात मिसळलेल्या पदार्थातून हवं ते उचलता येतं, तेही हाताने आणि लगेच खाण्यापुरतं; नको ते वेचून बाजूला टाकता येत नाही. माशाचे काटे इथेच अडचणीत आणतात. पूर्व युरोपातल्या ज्यूंचा गेफिल्टे फिश, म्हणजे काटे काढून वाटलेल्या माशाचे गोळे, शब्बातच्या जेवणात रुळला त्याचं हे एक कारण सांगितलं जातं.

शिजवायला बंदी, पण शनिवारी दुपारी ताटात गरम तर हवं. त्यावर उपाय ‘हमीन’, रात्रभर मंद आचेवर राहणारं कालवण. सहा जणांसाठी किलोभर मटण किंवा बीफ, एक वाटी पांढरा घेवडा, अर्धी वाटी जव, पाच बटाटे, दोन कांदे आणि कवचासकट सहा अंडी, जी सकाळपर्यंत तपकिरी होतात. मोरोक्कोकडचे गहू-हरभरे घालतात, इराकी घरांत कोंबडी आणि तांदूळ. कडधान्य आदल्या रात्री भिजवायचं. राजमा वापरत असाल तर आधी दहा मिनिटं खळखळून उकळा; मंद आचेवर त्यातलं विषारी द्रव्य मरत नाही आणि पोट बिघडतं. सगळं शिजत आणून, पाणी दोन बोटं वर ठेवून, मेणबत्त्यांच्या आधी भांडं ‘प्लाता’वर चढवायचं.

प्लाता म्हणजे विजेचा सपाट तवा, ज्याला आच कमीजास्त करायचं बटणच नसतं. ते मुद्दाम. जुन्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, भीती होती की माणूस सवयीने निखारे ढवळेल. बटणच नसेल तर हात जाणार कुठे? हमीन बिघडतं ते बहुतेक पाण्यामुळे. कमी पडलं तर तळ करपतो, आणि नंतर गार पाणी ओतता येत नाही, ढवळताही येत नाही. ऊब टिकावी म्हणून भांडं चहूबाजूंनी गोधडीत गुंडाळायलाही मनाई आहे. वरून टॉवेल चालतो.

दिव्यांसाठी ‘शब्बात घड्याळ’ असतं. कितीतरी घरांत ते वीजमीटरजवळच्या पेटीतच बसवलेलं. चकतीवर 96 खुंट्या, एक खुंटी म्हणजे 15 मिनिटं. रात्री अकराला दिवे बंद, सकाळी परत चालू, हे शुक्रवारी ठरवून ठेवायचं. मधे वीज गेली तर साधं घड्याळ तेवढंच मागे पडतं आणि दिवे विझतात उशिरा, पेटतातही उशिरा. घड्याळं तासभर पुढे करायची ‘उन्हाळी वेळ’ इस्रायलमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी पहाटे लागू होते, त्यामुळे काटे जुळवायला निदान दुपार हाताशी असते. फ्रिजमधला दिवा मात्र हटकून विसरतो. दार उघडलं की तो पेटणार, म्हणून तो आधीच काढायचा किंवा त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावायची.

रस्त्यावर काही वाहून न्यायचं नाही. किल्ली नाही, बाबागाडी नाही. म्हणून गावाभोवती ‘एरूव’, खांबांवरून गेलेली तार. तर्क मोठा मजेशीर: दोन खांब आणि वर आडवी तार म्हणजे दाराची चौकट, आणि अशा चौकटींची रांग म्हणजे भिंत. भिंतीच्या आतलं सगळं घरासारखंच, तिथे वाहून न्यायला हरकत नाही. तार खांबाच्या माथ्यावरूनच जायला हवी. बाजूला ठोकली तर चौकट होत नाही. वाऱ्याने तुटते, क्रेनमध्ये अडकते, म्हणून दर आठवड्याला शब्बातच्या आधी तपासणी.

शुक्रवारचं घड्याळ चुकल्याने एक सरकारही गेलं. 10 डिसेंबर 1976 ला पहिली एफ-15 विमानं इस्रायलमध्ये उतरली. स्वागतसमारंभ इतका उशिरा झाला की पाहुण्यांना शब्बातआधी घरी पोचणं अवघड झालं. अविश्वास ठराव आला, सत्तेतल्या राष्ट्रीय धार्मिक पक्षाने मतदानात साथ दिली नाही, पंतप्रधान राबिन यांनी त्या पक्षाला सरकारबाहेर काढलं आणि स्वतः राजीनामा दिला. 1977 च्या निवडणुकीत त्यांच्या लेबर पक्षाची 1948 पासूनची सत्ता गेली.

यातलं बरंचसं पाळणाऱ्यांपुरतं आहे. तेल अवीवचा किनारा शनिवारी फुलून जातो, फुटबॉलचे सामनेही होतात. प्रवासात मात्र सगळेच सापडतात. रेल्वे बंद, बहुतेक बस बंद. हैफात काही बस चालतात आणि नोव्हेंबर 2019 पासून तेल अवीव व शेजारच्या काही नगरपालिकांनी मोफत बस सुरू केल्या. एल अल ही इस्रायली विमान कंपनी 1982 पासून शब्बातला उडत नाही, पण बेन गुरियन विमानतळ उघडा असतो. तेव्हा शुक्रवारी दुपारी उतरणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा. हिवाळ्यात ती फार लवकर सुटते. चुकली तर ‘शेरूत’ ही वाटून घ्यायची टॅक्सी, नाहीतर पूर्ण भाड्याची. दूध-पाव दुपारच्या आतच घ्या. हॉटेलातली एखादी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत चालली असेल तर ती बिघडलेली नाही, शब्बातची आहे; घाई असेल तर शेजारची घ्या.